शेठच्या टर्फवरची निदान रेषा

"अपे, मधल्या रेषेपासनं ही निदान रेषा किती लांब?"

पप्पा टर्फच्या हिरव्या प्लास्टिक-गवतावर गुडघे टेकून बसले होते. उजव्या हातात पातं, कानावर पेन्सिल, डाव्या हाताच्या अंगठ्याखाली दाबून धरलेला टेप. टेपचं दुसरं टोक संभामामानं मधल्या रेषेवर धरलं होतं. एप्रिलचं ऊन असं होतं की टर्फला हात लावला तर तव्याला लावल्यासारखं वाटायचं.

"नऊ फूट," मी म्हणाले.

"बरोब्बर नऊ?"

"बरोब्बर."

"बघा दाजी," संभामामा म्हणाला, "भाची गणितात पस्तिसावर अडकती, पण ह्या मापात कुणाच्या बापाला ऐकणार न्हाई."

"बाप हितंच बसलाय," पप्पा म्हणाले, पेन्सिलीनं खूण केली आणि पातं फिरवलं. टर्फ कापताना पोतं उसवल्यासारखा आवाज येतो. एक लांब चीर पडली, मग तिच्याशेजारी दुसरी. मधली हिरवी पट्टी पप्पांनी सापाची कात ओढावी तशी ओढून काढली. तिथं खाली जोडकापड घालून, गोंद लावून पांढरी पट्टी बसवली आणि तिच्यावर विटा ठेवल्या. रंगानं मारलेली रेषा पावसाळ्यात उडून जाते. ही मात्र कायमची.

खरं माप नऊ फूट दहा इंच होतं.

हे मला माहीत होतं. चौथीपासून कबड्डी खेळणाऱ्या पोरीला स्वतःच्या चपलेचा नंबर माहीत नसेल, पण हे माहीत असतं. टर्फ बसवायचं काम देणाऱ्या कंपनीनं पप्पांना दिलेल्या कागदावर फुटबॉल, क्रिकेट, टेनिस सगळ्यांची मापं होती. फक्त कबड्डीची नव्हती, कारण कबड्डी टर्फवर खेळायची असते ही गोष्ट आख्ख्या जगात हणमंतशेठ सूर्यवंशींशिवाय कुणाच्याच डोक्यात आली नव्हती. म्हणून पप्पा मला विचारत होते.

हणमंतशेठ आमच्याच गावचे. आमच्या विट्याच्या बाजूची निम्मी माणसं सोनं-चांदी गाळायला मुलखभर पांगलेली आहेत. त्यांना गलाईवाले म्हणतात. शेठ वीस वर्षं विजयवाड्याला होते. गावाकडं परत आले ते तीन मजली बंगला बांधायलाच. वास्तुशांतीला पंचक्रोशी जेवली. मग त्यांना वाटलं, पोरगी कबड्डी खेळते तर अंगणात तिचं स्वतःचं कोर्ट पाहिजे.

"शेठ, कबड्डीला मॅट असतंय," पप्पांनी हात जोडून सांगितलं होतं. "टर्फवर गुडघं सोलून निघत्यात."

"मॅट काय, गुंडाळलं की संपलं. मला वरच्या गॅलरीतनं हिरवंगार दिसलं पायजे, नाना. आल्यागेल्याला दाखवायचं काय? सोललेलं गुडघं? नी-कॅप आणल्यात की डझनभर."

आणि ही पोरगी म्हणजे स्वरांजली. माझ्याच वर्गातली. मी जिच्यामुळे नऊ फूट म्हणाले ती.

तेव्हा आम्ही दोघी आठवीतून नववीत जात होतो. शाळेच्या संघात पहिली चढाई माझी असायची. स्वरांजली सातवीत आमच्या शाळेत आली आणि राखीव खेळाडू म्हणून बसायची. ऑक्टोबरात तासगावला अंतिम सामना होता. सरांनी बसची वेळ मोबाइलच्या ग्रुपवर टाकली. आमच्या घरात मोबाइल एकच आणि तो पप्पांबरोबर कामावर. म्हणून शाळा सुटताना मी स्वरांजलीलाच सांगितलं, "मेसेज आला की तुमच्या वॉचमनकाकांच्या पोरीकडनं मला निरोप दे. ती आमच्या गल्लीतनंच जाती."

निरोप आला. साडेआठ.

मी आठलाच शाळेच्या फाटकाशी जाऊन उभी राहिले. आईनं दोन वेण्या घट्ट घातल्या होत्या, पिशवीत दशम्या होत्या. शिपाईमामा झाडलोट करत आले आणि म्हणाले, "अगं, गाडी साडेसहालाच गेली की!" तरी मी अकरापर्यंत तिथंच उभी होते. का, ते मला आजही सांगता येत नाही. गाडी परत येऊन मला घेऊन जाईल असं काहीतरी वाटत असावं.

माझ्या जागी स्वरांजली खेळली. जिंकली. पेपरात फोटो आला. मी तिला गाठून विचारलं तर डोळे मोठ्ठे करून म्हणाली, "अय्यो, मी साडेसहाच सांगितलेलं गं. त्या पोरीनंच घोळ घातला असेल." ती पोरगी देवाशपथ घेऊन म्हणाली, ताईनं साडेआठच सांगितलं. सरांनी मात्र सगळ्या वर्गासमोर मला उभं केलं. "खेळाडूला वेळेची किंमत पाहिजे," म्हणाले. तेव्हापासून पहिली चढाई तिची आणि बाकावर मी.

आता मे महिन्याच्या शेवटी सांगलीत जिल्ह्याच्या संघाची चाचणी होती. चढाईसाठी आमच्या तालुक्यातून एकच पोरगी घेणार होते. सरांनी दोन नावं पाठवली: तिचं आणि माझं. माझं का पाठवलं ते मला ठाऊक आहे. दुसरं कुणी नव्हतं. ती एक जागा मला हवी होती. इतकी हवी होती की झोपेत माझे पाय हलायचे आणि आई म्हणायची, "हिला वारं लागलंय का बघा ओ."

आणि निदान रेषा म्हणजे काय, ते ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. समोरच्यांच्या अंगणात चढाईला गेलं की एक तर कुणाला तरी शिवायचं, नाहीतर निदान रेषा ओलांडून यायचं. म्हणजे एक पाय रेषेच्या पलीकडं टेकायचा आणि मागचा त्या वेळी हवेत पाहिजे. दोन्हीतलं काहीच केलं नाही, तर तुम्ही हसत-हसत परत आलात तरी बाद. आणि चढाईला गेलेली पोरगी खाली बघत नाही. तिचे डोळे सात जणींच्या हातांवर असतात; कोण कधी घोट्याची पकड करून खाली पाडेल सांगता येत नाही. रेषा कुठं आहे ते पायाला पाठ असतं.

स्वरांजलीच्या पायाला मी चुकीचा पाठ देणार होते.

कोर्ट झालं. रेती पसरून, ब्रश मारून पप्पांनी ते असं उभं केलं की शेठ गॅलरीतून खाली वाकून म्हणाले, "नाना, जादू हाय तुमच्या हातात!" मग मला बघून म्हणाले, "ही तुमची ना? येऊ दे की रोज सकाळी. स्वरूला जोड मिळंल."

"येते की काका," मी म्हणाले.

घरी जाताना संभामामा म्हणाला, "तू तर तिचं नाव काढलं तरी थुंकायचीस. आता लगेच जायला निघालीस व्हय?"

"टर्फ कसं असतंय बघायचंय मला."

"दोन आठवडं त्याच्यावरच उंडारत हुतीस की."

मला काय बघायचं होतं ते मी त्याला कसं सांगणार? मला ती चुकताना बघायची होती. रोज.

आणि बघितली. दीड महिना, सकाळी सहा ते आठ. गावातल्या सात-आठ पोरी बचावाला यायच्या. कुणाला नाश्त्याची ओढ, कुणाला बंगला आतून बघायची. स्वरांजली चढाई चांगली टाकायची, खोटं कशाला बोलू? चार झपाझप पावलं, पाचव्याला उजवा पाय लांब, मागचा वर, गिरकी आणि परत. ते पाचवं पाऊल बरोब्बर पांढऱ्या पट्टीच्या पलीकडं चार बोटं पडायचं. दररोज. छापा मारल्यासारखं. मी टाळ्या वाजवायचे.

"मस्त! अशीच टाक. खाली बघू नकोस, पायाला सवय होऊ दे."

"तू चांगली आहेस गं," ती एकदा पाणी पिता-पिता म्हणाली. "मला वाटलेलं तू चिडली असशील माझ्यावर."

"कशाबद्दल?"

ती बाटलीचं झाकण लावत बसली. मला वाटलं, आता बोलेल. नाही बोलली. मग मीही म्हणाले, "चल, तुझी चढाई."

एकच गोष्ट माझ्या ध्यानात आली नाही. चढाया मीही टाकत होते. तिथंच, रोज.

सांगलीच्या मैदानावर त्या दिवशी शंभरेक पोरी होत्या. पप्पांनी कामाला सुट्टी टाकून मला मोटारसायकलवर आणलं होतं; ते कडेच्या पायरीवर टोपीनं वारा घेत बसले. शेठ गाडीतून आले होते, खुर्ची घेऊन. प्रत्येकीला तीन चढाया. समोर बचावाला मोठ्या संघातल्या सात ताया, एकेकीची मनगटं उसाच्या कांड्यासारखी.

स्वरांजलीचं नाव आधी आलं.

"कबड्डी कबड्डी कबड्डी..." चार झपाझप पावलं, पाचवं लांब, गिरकी, परत. कुणाचा हातही लागला नाही. ती मधली रेषा ओलांडून आली आणि हसून शेठकडं बघितलं. तेवढ्यात पंचांची शिट्टी झाली.

"बाद. निदान रेषा ओलांडली नाही."

"ओलांडली की सर!"

"वीतभर अलीकडं पडला पाय. पुढची."

माझ्या छातीत काय झालं ते सांगू? गणपतीच्या मिरवणुकीतला ताशा वाजला. दशम्यांची पिशवी घेऊन अकरा वाजेपर्यंत उभी राहिलेली ती पोरगी माझ्या आत उड्या मारायला लागली. मग पंच ओरडले, "जावीर अपेक्षा!" आणि मी त्याच ताशावर नाचत आत शिरले. डावीकडं हूल, उजवीकडं हूल, पाय लांब, मागचा वर, परत. झकास चढाई. माझी मलाच आवडली.

शिट्टी.

"बाद. निदान रेषा."

मी खाली बघितलं. मातीत माझ्या बुटाचा ठसा होता. रेषेच्या वीतभर अलीकडं. त्याच्या शेजारीच, हातभर अंतरावर, स्वरांजलीच्या बुटाचा ठसा. तेवढाच अलीकडं.

ताशा बंद पडला. माझ्याच पायांनी नऊ फूट पाठ केले होते.

मी बाहेर येऊन बसले. डोकं भराभर चालत होतं. काय चुकलं ते इथं फक्त मला माहीत होतं. दहा इंच. म्हणजे चौथं पाऊल थोडं लांब आणि पाचवं अजून लांब. बास.

स्वरांजली दुसऱ्यांदा गेली. या वेळी ती रेषा बघत गेली. खाली बघणाऱ्या पोरीचं काय होतं? कोपऱ्यातल्या ताईनं तिला कंबरेतून उचलली आणि खाली ठेवली, बाळाला पाळण्यात ठेवावं तशी.

मी दुसऱ्यांदा गेले. चौथं लांब, पाचवं अजून लांब. एका ताईच्या दंडाला बोट लावून परत. गुण. पायरीवरून पप्पांची शिट्टी ऐकू आली, दोन बोटं तोंडात घालून मारतात ती.

मी परत येऊन बसले तर स्वरांजली माझ्याशेजारी येऊन टेकली. नाक लाल, पापण्या ओल्या. शेठ लांबून हातवारे करत होते, "स्वरू, अगं पळ की!" ती तिकडं बघतच नव्हती.

"अपेक्षा," ती हळू म्हणाली, "माझं काय चुकतंय गं? घरी एकदाही असं झालं नाही. तुझं दुसऱ्या वेळी बरोबर आलं. तू काय केलंस? खरं सांग ना."

एक शब्द पुरला असता. "लांब टाक." दोन शब्द म्हणा. ती माझ्याकडं बघत होती आणि तिच्या डोळ्यांत खोटं काही नव्हतं. पंचांनी तिचं नाव पुकारलं.

मी तिच्या पाठीवर हात ठेवला.

"काही चुकत नाही. तू घाबरलीस फक्त. घरी टाकतेस ना, अगदी तश्शीच टाक. खाली बघू नकोस."

ती गेली. डोळे समोर, मान ताठ. चार झपाझप, पाचवं लांब, गिरकी. घरी टाकायची अगदी तश्शीच.

शिट्टी.

तिसऱ्या चढाईला मी निदान रेषेच्याही पुढची बोनस रेषा गाठली. संध्याकाळी पाचला कागद लागला. तालुक्याच्या नावापुढं माझं नाव होतं.

गावाकडं येताना पप्पा भिवघाटापर्यंत नुसती गाडी चालवत राहिले. मी मागं बसून बडबडत होते: "पप्पा, त्या ताईचा दंड बघितला? पप्पा, बोनस बघितला? पप्पा, आईला आधी मी सांगणार हां." घाट चढून वर आल्यावर त्यांनी गाडी कडेला घेतली. चहाच्या टपरीवर दोन चहा सांगितले. कप हातात आल्यावर म्हणाले,

"दोघींचा पाय एकाच जागी पडला."

मी कपात बघायला लागले.

"मी पायरीवरनं बघत हुतो. एकीचं चुकलं तर पोरगी चुकली म्हणायचं. दोघींचं एवढंच्या एवढं चुकलं, तर..." त्यांनी कप विसळायला दिला आणि गाडीला किक मारली.

"पप्पा, तिनं मला बसची वेळ..."

"म्हाईत हाय मला. तुझी आई चार दिवस जेवली न्हवती त्यापायी." गाडी चालू झाली होती, म्हणून ते ओरडूनच बोलत होते. "तुझं काम झालं न्हवं? आता माझं करू दे."

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला आम्ही शेठच्या फाटकात. पप्पांनी मला बरोबर घेतलं होतं आणि संभामामाला नव्हतं. शेठ गॅलरीत चहा पीत होते. कालपासूनचा राग तोंडावर तसाच होता.

"शेठ," पप्पा खालून म्हणाले, "रेषा बसवण्यात चूक झाली माझी. माप हुकलं. आज काढून नीट करून देतो. तुम्हाला जादा पैसं पडणार न्हाईत."

शेठ खाली आले. मग जे बोलले ते मी सगळं लिहीत नाही. "पोरीचं वर्ष घालवलंत", "टेप धरता येत न्हाई तर गवंडीकामच करायचं", "गावात काम मिळतंय का बघतो तुमाला". पप्पा मान खाली घालून उभे होते. त्यांनी एकदाही माझ्याकडं बघितलं नाही. मी दोनदा तोंड उघडलं. दोन्ही वेळा त्यांनी पाठीमागं धरलेला हात हलवून मला गप्प केलं.

शेठ वर गेले. पप्पांनी पातं काढलं, पांढरी पट्टी उचकटली. गोंद घट्ट बसला होता, त्यांना गुडघा रोवून ओढावी लागली. मग त्यांनी टेपचं टोक मधल्या रेषेवर स्वतः दाबून धरलं आणि डबी माझ्याकडं ढकलली.

"वड. माप आलं की सांग."

तेवढ्यात स्वरांजली बाहेर आली. हातात दोन कप चहा. केस न विंचरलेले, डोळे सुजलेले. ती कोर्टाच्या कडेला थांबली.

पप्पांनी तिला बघितलं. मग मला म्हणाले, "मोठ्यानं सांग. मला ऐकू येत न्हाई."

त्यांना चांगलं ऐकू येतं. पत्र्यावर पाल चालली तरी ऐकू येतं.

"नऊ फूट दहा इंच," मी म्हणाले. मोठ्यानं.

स्वरांजलीनं कप खाली ठेवले. ती चालत आली, उचकटलेल्या पट्टीची चीर बघितली, मग माझं बोट जिथं टेपवर होतं ते बघितलं. त्या दोन्हींच्या मध्ये तिनं स्वतःचा अनवाणी पाय ठेवला. बरोब्बर मावला.

"माप कुणी सांगितलेलं, नानाकाका?"

पप्पा पेन्सिलीला टोक करत बसले.

"मी," मी म्हणाले.

मला वाटलं, आता ही वर बघून ओरडेल, आणि शेठ खाली येतील, आणि सांगलीला फोन जाईल, आणि माझं नाव कागदावरून निघेल. ते एवढं मला नाकासमोर दिसत होतं. तरी माझी मान खाली गेली नाही. तिचीही नव्हती गेली, ऑक्टोबरात.

"स्वरू, काय म्हणतायत गं ते?" शेठनी वरून विचारलं.

ती माझ्याकडं बघत राहिली. तिचा चेहरा मी कधीच असा बघितला नव्हता. लाडाचं, गोड असं काही त्यावर उरलंच नव्हतं. मला ती पहिल्यांदाच खरी कबड्डीवाली वाटली.

"काही नाही पप्पा," ती ओरडली. "रेषा बदलतायत."

मग खाली बसून तिनं एक कप माझ्या पप्पांना दिला, एक माझ्यापुढं सरकवला आणि म्हणाली, "पुढच्या वर्षीपासून मी चढाई सोडणार. पकड शिकणार."

"का?"

"चढाईला तूच येणार आहेस ना," ती म्हणाली आणि माझ्या घोट्याकडं बघून हसली.